कृपा आणि कर्म : तीन कर्मनिष्ठांची साक्ष

मनुष्याचे तारण कशाने होते, हा ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती प्रश्न आहे. प्रॉटेस्टंट परंपरेने त्याचे उत्तर थोडक्यात असे दिले : तारण देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, मनुष्याच्या कर्मांनी नव्हे. हे उत्तर ऐकताच एक आक्षेप हटकून घेतला जातो. तारण जर फुकटच मिळणार, तर सत्कर्मांचे कष्ट कोणी आणि कशासाठी उपसायचे? हे तत्त्वज्ञान आळशांच्या सोयीचे नव्हे काय? आक्षेप वाजवी आहे. त्याचा विचार करण्यासाठी हे मत ज्यांनी जीव तोडून मांडले वा अनुभवले, अशा तीन व्यक्तींकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला संत पौल. तो मूळचा परूशी पंथाचा यहुदी. मोशेच्या नियमशास्त्राचे काटेकोर पालन हा त्या पंथाचा बाणा. नियमशास्त्राच्या दृष्टीने आपण निर्दोष होतो, असे पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगतो. पुढे ख्रिस्ताचा प्रेषित झाल्यावर गलतिया येथील मंडळ्यांत वाद उभा राहिला : यहुदी नसलेल्या ख्रिस्तीजनांनी सुंता करून घेतलीच पाहिजे काय? पौलाने याला कडाडून विरोध केला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने अब्राहामाचा दाखला दिला आहे. अब्राहाम सुंतेपूर्वीच, केवळ देवाच्या वचनावर विसंबल्यामुळे, नीतिमान गणला गेला. मजुराला मजुरी मिळते तो त्याचा हक्क असतो, कोणाचे उपकार नव्हेत. कृपेचा व्यवहार मात्र मजुरीचा नाही, असे पौलाचे म्हणणे.

येथे ‘विश्वास’ या शब्दाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. एखादे मत मान्य करणे एवढाच त्याचा अर्थ नाही. भरवसा टाकणे, विसंबणे हा अर्थ त्यात आहे. शिवाय विश्वास हे तारणाचे मोलही नव्हे. पाणपोईवर तहानेलेला ओंजळ पुढे करतो, पण ओंजळ ही काही पाण्याची किंमत नसते. विश्वासालाच पुण्यकर्म मानले, तर आपण फिरून मजुरीच्याच हिशेबात येऊन पडतो.

दुसरा मार्टिन ल्यूथर (1483–1546). 1505 मध्ये तो जर्मनीतील एरफुर्ट येथे ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपवास, जागरणे, प्रार्थना, तासन् तास चालणारी पापांची कबुली, यांत त्याने कसर ठेवली नाही. तरी मनाला शांती नव्हती; कारण केले ते पुरेसे झाले, हे सांगणार कोण? देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारा न्याय, अशी त्याची समजूत होती. रोमकरांस पत्राच्या अभ्यासातून त्याला उमगले की, हे नीतिमत्त्व देव मनुष्याला देणगी म्हणून बहाल करतो. पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून देणाऱ्या पत्रांची विक्री त्या काळी जोरात चालली होती. तिच्याविरुद्ध त्याने 1517 मध्ये 95 सिद्धान्त मांडले आणि धर्मसुधारणेच्या चळवळीला तोंड फुटले.

तिसऱ्या पंडिता रमाबाई (1858–1922). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थाटन करीत हिंडले. पुराणवाचन, व्रते, उपवास, दानधर्म यांत जवळचा पैसा संपला. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण मृत्यू पावली. पतीचे निधन हे विधवेच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाते, याची वेदना त्यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडली आहे. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे आत्मकथनात म्हटले आहे. धर्म बदलला तरी जमाखर्चाची वही तीच राहू शकते! ती वही मिटून केवळ ख्रिस्ताच्या कृपेवर विसंबण्याचा अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला.

या तिन्ही चरित्रांत एक सूत्र आढळते. कर्माचा कंटाळा आला म्हणून हे कृपेकडे वळले नाहीत. कर्माची वाट जाईल तेथवर तुडवूनच वळले. आणि वळल्यावर स्वस्थ बसले काय? पौलाने प्रवास, तुरुंग, फटके सोसत मंडळ्या स्थापल्या. ल्यूथरने बायबलचे जर्मन भाषांतर केले, मुलामुलींसाठी शाळा काढाव्यात म्हणून 1524 मध्ये नगरपालांना आवाहन केले. रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया आणून सांभाळल्या, केडगाव येथे ‘मुक्तिसदन’ उभारले आणि हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्थात, सगळ्याच ख्रिस्तीजनांनी हा विचार याच शब्दांत स्वीकारला नाही. नव्या करारातीलच याकोबाचे पत्र कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरविते. मात्र दोघांचे प्रश्न निराळे आहेत. देवापुढे मनुष्य कशाच्या बळावर उभा राहतो, हा पौलाचा प्रश्न. तोंडाने सांगितलेला विश्वास खरा कशावरून, हा याकोबाचा. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये ‘केवळ विश्वास’ हे मत नाकारले; पण कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य तरतो, हेही तिने तितक्याच स्पष्टपणे नाकारले होते. या जुन्या वादात 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. काही मतभेद उरले. तरी तारणाचे मूळ कृपेत आहे आणि सत्कर्मे हे तिचे फळ आहे, यावर एकमत झाले.

तेव्हा वाद कर्मे करावीत की करू नयेत, हा नाहीच. ती कोणत्या भावनेने करावीत, हा आहे. स्वतःच्या तारणासाठी दान करणाऱ्याची नजर याचकाकडे असली, तरी मन आपल्या पुण्याच्या बेरजेकडे असते. याचक हे त्याचे साधन होऊन बसते. आपला हिशेब आधीच चुकता झाला आहे, असे ज्याला मनापासून वाटते, त्याला समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची मोकळीक मिळते. ही मोकळीक प्रत्येक श्रद्धावंताच्या आचरणात दिसतेच, असे इतिहास म्हणत नाही. कृपेचे नाव घेऊन निष्क्रिय राहिलेलेही पुष्कळ आहेत. परंतु विचाराची पारख करायची, तर तो पळवाट म्हणून वापरणाऱ्यांबरोबरच, ज्यांनी तो कष्टाने मिळविला आणि जगून दाखविला, त्यांच्यावरूनही केली पाहिजे.