मरुदम् आणि पालै : तंजावरच्या पर्यावरणाचा एक साहित्यविचार

मराठी अभ्यासकाच्या मनात तंजावर उभे राहते ते सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि भोसले राजांची नाटके यांच्या रूपाने. व्यंकोजीने १६७६ च्या सुमारास स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. हा सारा विद्याव्यासंग ज्या भूमीच्या भातावर पोसला गेला, त्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा विचार मात्र मराठी वाङ्मयेतिहासात अभावानेच आढळतो. आज ती भूमीच पालटत असताना हा विचार टाळता येण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात तमिळ काव्यशास्त्रातील तिणै-कल्पनेच्या आधारे या पालटाची कारणे व परिणाम तपासावयाचे आहेत.

१. तिणै : भूमी आणि भाव

प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने भूमीचे पाच प्रकार कल्पिले. कुरिंजि म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे वनकुरण, मरुदम् म्हणजे पाणथळ शेतजमीन, नेय्दल् म्हणजे सागरकिनारा आणि पालै म्हणजे रखरखीत प्रदेश. प्रत्येक भूमीला तिची देवता, वनस्पती, व्यवसाय आणि प्रेमभावनेची एक अवस्था जोडलेली आहे. संस्कृत रसविचारात निसर्ग उद्दीपन विभाव म्हणून येतो. तिणै-विचारात मात्र तो काव्यार्थाचा पाया ठरतो. भूमी पालटली की भावही पालटतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पालै ही स्वतंत्र भूमी नव्हे. मुल्लै आणि कुरिंजि उन्हाने करपून आपला स्वभाव गमावतात तेव्हा पालै जन्मास येते, असे ‘शिलप्पदिकारम्’ या महाकाव्यात सांगितले आहे. म्हणजे भूमीचे स्वरूप शाश्वत नसून ते ढळू शकते, ही जाणीव या परंपरेत आरंभापासून आहे.

तंजावर हे मरुदमचे आदर्श उदाहरण होय. मरुदमची देवता वेंदन्, म्हणजेच परंपरेने मानलेला इंद्र. कावेरीच्या मुखावरील पुहार नगरात इंद्रोत्सव होत असे. राजाला त्याचे विस्मरण झाले आणि समुद्राने नगर गिळले, अशी कथा ‘मणिमेखलै’त आहे. इंद्राचे हे नाव पुढे मराठीतही उमटते. दुसऱ्या सरफोजीच्या (राज्यकाल १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल वर्णन करते. तमिळ कुरवंजी-प्रकारात ही स्त्री आपल्या डोंगराचे वैभव गाते; सरफोजीने त्या सांगाड्यात अर्वाचीन भूगोलविद्या बसविली. भूमीचे ज्ञान हा काव्याचा विषय होऊ शकतो, याचा याहून बोलका मराठी पुरावा क्वचितच सापडेल.

२. कारणे

पुहारच्या कथेत विनाशाचे कारण कर्तव्यविस्मृती हे आहे. आजची कारणे मोजता येतात, तरीही त्यांच्या मुळाशी मनुष्याची कृतीच आहे.

पहिले कारण नदीच्या प्रवाहाचे. करिकाल चोळाच्या नावाशी जोडला गेलेला कल्लणै हा बंधारा पाणी अडवून ठेवण्यापेक्षा ते वाटून देण्यासाठी होता. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाने मात्र पाणी साठविले, आणि वरच्या बाजूच्या इतर धरणांप्रमाणे गाळही अडविला. त्रिभुज प्रदेश गाळानेच वाढतो. गाळ अडला की समुद्राची धूप भरून निघत नाही. पाण्याचा वाटा तर दीर्घकाळ वादात राहिला. १८९२ व १९२४ चे करार, १९९० चा लवाद, त्याचा २००७ चा निवाडा, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तमिळनाडूसाठी ठरविलेले १७७.२५ अब्ज घनफूट, असा हा प्रवास आहे.

दुसरे कारण दूषिताचे. तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांचे क्षारयुक्त सांडपाणी नोय्यल नदीतून कावेरीकडे येत राहिले. शेतीसाठी बांधलेले ओरत्तुपाळयम् धरण त्या सांडपाण्याचेच कोठार बनले. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला हे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

तिसरे कारण वाळू व भूजल यांच्या उपशाचे, आणि चौथे जगभर वाढणाऱ्या तापमानाचे. या चौथ्या कारणात खुद्द मरुदमचाही अल्प वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. पाण्याने तुंबलेल्या भातखाचरांतून मिथेन वायू बाहेर पडतो. पीडित आणि कारण यांची अशी सरमिसळ जुन्या कथांना परिचित नव्हती.

३. परिणाम

मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडावयाचे, कुरुवै हे अल्पमुदतीचे भात लावावयाचे आणि पुढे सांबा घ्यावयाचे, हे तंजावरचे कृषिपंचांग होय. ते वारंवार मोडते. २०१६ मध्ये तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा ६२ टक्के कमी पडला आणि जानेवारी २०१७ मध्ये संपूर्ण राज्य दुष्काळग्रस्त घोषित झाले. हे मरुदमचे पालै होणे होय.

त्याउलट २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुराच्या पाण्याने मुक्कोंबू येथील कोळ्ळिडम् नियामकाचे नऊ दरवाजे कोसळले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला ‘गज’ चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै–पेरावूरणि भागातील नारळबागा उन्मळून टाकल्या. नारळाचे झाड वाढावयास वर्षे लागतात. एका रात्रीत कुटुंबाची पिढीजात मिळकत नाहीशी झाली.

किनाऱ्याकडे खारे पाणी भूगर्भातून आत सरकते. कोळंबीच्या तळ्यांनी त्यात भर घातली. त्यांविरुद्ध सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन् यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला. २०२० मध्ये राज्याने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविला. तथापि कायदा नवे खनिजतेल-प्रकल्प रोखू शकतो, समुद्राला नव्हे. येथे मरुदमचे नेय्दल् होत आहे. पण ज्याचे मीठ आणि मासे मनुष्याला पोसतात ते नेय्दल् हे नव्हे.

४. उपसंहार

प्राचीन कवीला मरुदम् म्हटले की पाणी, भात, म्हैस आणि रुसलेली पत्नी एकाच वेळी सुचत. ती भूमी उरली नाही, तर हे काव्य वाचता येईल, पण त्यातील संकेतांना अनुभवाचा आधार राहणार नाही. भाष्यकाराला जे सांगावे लागत नव्हते ते तळटीपेत सांगावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकाचे हे नुकसान शेतकऱ्याच्या नुकसानीपुढे लहान आहे, परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे.

मराठी अभ्यासकावर येथे एक विशेष जबाबदारी येते. सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे आजवर मुख्यतः राजवंश, कला व भाषा यांच्या इतिहासासाठी वाचली गेली. पाऊस, कालवे, पीक आणि टंचाई यांच्या उल्लेखांसाठीही ती वाचली जावीत. सरफोजीने कुरवंजीच्या तोंडी भूगोल घातला. त्याच्या दप्तरातील भूगोल वाचणे हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल ठरेल.