सल्ला देणाऱ्याचे शिक्षण

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील, जळगाव जिल्ह्याच्या सीमेकडील गाव. गावात पोलीस ठाणे आहे. तथापि तहसील कचेरी व न्यायालय यांसाठी मोताळ्यास आणि जिल्हा न्यायालयासाठी बुलढाण्यास जावे लागते. शेतमजुराच्या दृष्टीने अशी प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. अपुरे कागद घेऊन भलत्याच कचेरीत गेल्यास दुसरी मजुरी बुडते. म्हणूनच अडचणीच्या वेळी गावात पहिला सल्ला कोण देतो आणि तो काय सांगतो, याला महत्त्व आहे.

हे काम शिकलेल्या माणसाच्या हाती असावे, या हेतूने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली विधी स्वयंसेवकांची, म्हणजेच पॅरालीगल व्हॉलंटिअरची योजना आखली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ रोजी तो अमलात आला. कार्यरत व निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त शासकीय कर्मचारी, बचत गटातील महिला यांची या कामी निवड होऊ शकते. दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित बंदीदेखील त्यास पात्र आहेत. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच नागरिक सल्ला केंद्रे उघडली, तीही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्याच बळावर.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रशिक्षणात घटना, अटक व जामीन, कौटुंबिक कायदे, मजुरांचे हक्क इत्यादी विषय असतात. ते पाठ करता येतात. अवघड आहे ते निराळेच. गावच्या पंचांची परंपरा निवाडा देण्याची, तर स्वयंसेवकाने निवाडा द्यावयाचा नसतो. वर्गात वर्षानुवर्षे उत्तरे देण्याची सवय जडलेल्या गुरुजींना हा धडा बहुधा सर्वांत जड जात असावा!

एक उदाहरण घेऊ. वडील मृत्युपत्र न करता वारले आहेत. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार ठेवला असून सासरहून आलेली बहीण विचारते, “गुरुजी, सही करू की नको?” ‘कर’ म्हणणे सोपे; ‘करू नकोस’ म्हणणेही तितकेच सोपे. परंतु पहिल्या उत्तराने तिची जमीन जाईल आणि दुसऱ्याने कदाचित माहेर तुटेल. या दोहोंची किंमत तिलाच मोजावयाची असल्याने निर्णयही तिचाच असला पाहिजे. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी ही मुलाप्रमाणेच वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मतः हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हा हिस्सा जातो. तो परत मिळवावयाचा तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. याउलट, सात-बारावरील वारस नोंद हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही. स्वयंसेवकाने हे सर्व भावांच्या गैरहजेरीत, तिला समजेल अशा भाषेत सांगावे आणि सहीची घाई कोणाला व कशासाठी आहे, हे तिलाच विचारावे. वाद असल्यास मोताळ्याच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना या कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तिला कळले पाहिजे.

लोकअदालतीची शिफारस करतानाही असेच भान हवे. तेथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते व तिच्याविरुद्ध अपील नाही. ‘लवकर मिटेल’ एवढेच सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय.

ऐकलेली गोष्ट पारावर जाता कामा नये. लहान गावात हे पाळणे कठीण. परंतु एकदा कुजबूज झाली की पुढची पीडित स्त्री येतच नाही. मात्र या गुप्ततेलाही मर्यादा आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आरंभीच देऊन बसू नये.

उजळणीची गरज तर उघड आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्याने पूर्वी पाठ केलेली कलमे बदलली. प्रथम खबरीसंबंधीचे जुने कलम १५४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ झाले आहे. खबर देणाऱ्यास तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क मात्र पूर्वीप्रमाणेच आहे.

भेट संपताना एक चिठ्ठी द्यावी. कोणत्या कचेरीत जावयाचे, कोणते कागद न्यावयाचे आणि विधी सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक १५१००, एवढे तीत असावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला ती दोनदा वाचून दाखवावी व त्याच्या तोंडून परत वदवून घ्यावी.