पुरळ कोठे उठले? : गाजर गवत आणि आपली त्वचा

समजा वाईजवळ धोमच्या कालव्यालगत एका शेतकऱ्याचे शेत आहे. पावसाळा सरत आला की त्याच्या पापण्या सुजतात. मान आणि कोपरांच्या आतल्या बाजू लाल होऊन खाजू लागतात. पुढे तेथील कातडी जाड व काळपट होते. महिना-दोन महिने मुंबईला मुलाकडे राहिला की आराम पडतो. गावी परतला की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, "उन्हाने झाले." शेजारी मात्र त्याच्या तांब्याने पाणी प्यायला कचरतात. दोघेही चुकत आहेत. कसे, ते पाहू.

जागा हाच पुरावा

ऊन वरून पडते. म्हणून उन्हाच्या विकारात कपाळ, नाक, गाल भाजतात. हनुवटीखालची, कानामागची आणि पापण्यांच्या घडीतली त्वचा सावलीत असल्याने बहुधा वाचते. आपल्या शेतकऱ्याला नेमका तेथेच त्रास आहे. मग तेथे पोहोचते काय? हवेतून उडणारी धूळ! ती घामाबरोबर त्वचेच्या घड्यांत साचून राहते. या धुळीत गाजर गवताचे, म्हणजेच काँग्रेस गवताचे, परागकण आणि वाळलेल्या पानांचा चुरा असतो. ऊन लागून त्रास वाढू शकतो, पण मूळ कारण ते नव्हे.

हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पुण्यात ते वाढत असल्याची नोंद रोला शेषगिरी राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. एका झाडाला हजारो बिया येतात. त्यामुळे रस्त्याच्या कडा, पडीक राने, कालव्यांचे काठ या गवताने बघता बघता व्यापले. त्यामागोमाग त्वचेचे रुग्णही वाढले. पुण्याचे डॉ. लोणकर व त्यांचे परदेशी सहकारी यांनी १९७४ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्वचेची स्मरणशक्ती

स्पर्शाने होणारा त्वचादाह दोन प्रकारचा असतो. तीव्र आम्ल किंवा चुनकळी यांनी कोणाचीही त्वचा पोळते. तो पहिला प्रकार. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तो काहींनाच होतो.

गाजर गवताच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे रसायन असते. त्याचे रेणू लहान असल्याने त्वचेत शिरतात आणि तेथील प्रथिनांना चिकटतात. या जोडगोळीला शरीर 'परके' समजते. त्वचेतील लँगरहान्स पेशी तिची वर्दी जवळच्या लसिका ग्रंथींना देतात आणि तेथे तिला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. पण पुन्हा संपर्क आला की या पेशी त्वचेकडे धावतात आणि एक-दोन दिवसांत लाली, सूज व खाज सुरू होते. म्हणूनच "इतकी वर्षे हेच गवत उपटतोय, मग आताच कसे झाले?" या प्रश्नात आश्चर्य नाही. शरीराने ते केव्हा ओळखून ठेवले, हे आपल्याला कळतच नाही.

यात जंतूंचा काही संबंध नाही. त्यामुळे हा विकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजाऱ्याने तांब्याने खुशाल पाणी प्यावे!

चोर पकडण्याची परीक्षा

संशयित पदार्थ सौम्य करून पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवायचा आणि तेथे पुरळ उठते का, ते पाहायचे. ही युक्ती योसेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडली. आजही त्वचारोगतज्ज्ञ हीच पट्टी-परीक्षा वापरतात. ती घरी मात्र करू नये.

आणखी दोन कोडी सोडवा. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कपड्याची एक विशिष्ट जागा टेकत असे तेवढ्याच भागात, पुरळ उठले. का? धोब्याने तेथे बिब्ब्याच्या रसाने खूण केली होती. बिब्बा उततो, हे आपल्या आजीला ठाऊकच आहे. दुसरे कोडे : कलप लावला डोक्याला, आणि सुजल्या पापण्या व कान. का? कलपातील पॅरा-फिनिलीनडायअमीन ओघळून तेथे पोहोचते. डोक्याची त्वचा जाड, पापणीची अगदी पातळ. म्हणून पापणीच आधी तक्रार करते.

आपण काय करावे?

शाळेच्या श्रमदानात गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नका. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल हवा. फुले येण्यापूर्वीच, ओल्या जमिनीतून ते मुळासकट काढावे. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, कपडेही धुवावेत. वाळलेले गवतही त्रास देते, हे विसरू नका. पुरळ उठलेच तर दुकानातून मनाने मलम आणू नका, डॉक्टरांना दाखवा.

निरीक्षण करा : शाळेच्या परिसराचा नकाशा काढून त्यात गाजर गवताच्या जागा दाखवा. पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगेरे दिसतात का? ते मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरजवळ सोडलेल्या भुंगेऱ्यांचे वंशज असावेत. ते गाजर गवताची पाने खातात. तसेच, जेथे टाकळा दाट वाढला आहे तेथे गाजर गवत कमी आहे का, याचीही नोंद ठेवा.