जुन्या ट्रकची ओढ कमी का होते? कारण शोधण्याची रीत



आपल्या समाजातील कित्येक तरुण ड्रायव्हर, क्लीनर व मेकॅनिक म्हणून कष्ट करून संसार चालवितात. काहींनी कर्ज काढून जुना ट्रक घेतला व ते स्वतः मालक झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जुनी गाडी म्हटली की दुरुस्ती आली, आणि चुकीच्या दुरुस्तीचा पैसा हप्त्याच्या पैशातूनच जातो. म्हणून या स्मरणिकेत आम्ही एक व्यवहारोपयोगी धडा देत आहोत.

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी उपदेश केला होता. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. गॅरेजमध्येही आम्ही हाच नियम पाळतो. ‘पंप गेला’ असे कोणी म्हटले, तरी पंप गेला आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते.

एक अनुभव

एका बांधवाचा 697 इंजिनचा जुना टाटा ट्रक होता. भिवंडीहून माल भरून नाशिककडे निघाला की तासा-दीड तासाने गाडीचा दम जाई, कसारा घाटात तर ती पहिल्या गिअरवर येई. एका गॅरेजने पंप उतरवून दुरुस्त केला. पैसे गेले, हप्ता थकला, आणि पुढच्याच खेपेला गाडी पुन्हा तशीच!

आम्ही पाना हाती घेण्याआधी प्रश्न विचारले. दम केव्हा जातो? निघताना नाही, काही वेळाने. धूर किती? फारसा नाही. थांबल्यावर काय होते? चहा घेऊन निघालो की गाडी पुन्हा ओढते. टाकीला अलीकडे काय केले? डिझेल चोरीला गेले म्हणून कुलपाचे नवे झाकण लावले.

गाडी फिरवून आणली व दम जाताच झाकण सैल केले. फुस्स करून हवा आत ओढली गेली! झाकणाखाली ट्यूबच्या रबराचा वॉशर कापून बसविला होता आणि त्याने हवेचे बारीक छिद्र बंद झाले होते. डिझेल संपत जाई, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नसे. टाकीत पोकळी झाली की फीड पंपाला डिझेल ओढवत नसे. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपे व गाडी तात्पुरती सुधारे. छिद्र मोकळे केले, काम संपले. पंप निर्दोष होता.

तपासणीचा क्रम

बिनखर्चाची तपासणी आधी, खर्चाची शेवटी, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

1) दोष इंजिनचाच आहे काय? ब्रेक धरून राहिले असतील तर ड्रम तापतात. क्लच घसरत असेल तर इंजिनचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाही. टायरमधील हवा व भरलेला बोजाही पाहावा.

2) ॲक्सिलरेटर. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने पंपावरील लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. इंजिन बंद करण्याचा लिव्हर अर्धवट ओढलेला राहिला तरी दम जातो.

3) धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल नीट फवारले जात नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा पाणी आत शिरण्याची शंका घ्यावी. धूर नाही आणि दमही नाही, तर बहुधा डिझेल पुरेसे पोहोचत नाही.

4) हवेची वाट. एअर क्लीनर साफ करावा. टर्बो असल्यास त्याचे होस फाटले वा सैल झाले का ते पाहावे. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धी मिटून अडकली तर धूर बाहेर पडत नाही व इंजिन गुदमरते. हे पुष्कळदा कोणी पाहतच नाही.

5) डिझेलची वाट. टाकीचे झाकण, आतील जाळी, पाइप, फीड पंप व त्याची जाळी, दोन्ही फिल्टर या क्रमाने जावे. टाकी ते फीड पंप या भागात गळती असली तर डिझेल ठिबकेलच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. तेथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात.

6) यानंतरच टॅपेट, नोझल, कॉम्प्रेशन व टायमिंग. पंप सर्वांत शेवटी, आणि तोही टेस्ट बेंचवरच तपासून घ्यावा. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवू नये. त्याने धूर व खर्च वाढतो, मूळ दोष तसाच राहतो.

सावधगिरी

नोझलच्या फवाऱ्याजवळ हात कधीही नेऊ नये. डिझेल कातडीत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. वरील रीत जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. एप्रिल 2020 पासूनच्या बी.एस. 6 ट्रकमध्ये संगणकीय नियंत्रणही आहे. अशा इंजिनाचे पाइप चालू स्थितीत सैल करणे जिवावर बेतू शकते.

समारोप

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि त्यासाठी मार्ग आहे, हे आपण विहारात ऐकतो. मेकॅनिकनेही हेच करावयाचे आहे. शिकलेल्यांनी हा क्रम क्लीनरच्या कामावर असलेल्या पोरांना समजावून सांगावा. प्रश्न विचारायला जो शिकला, त्याला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!