रावबहादुर बोले व पाणवठ्यांचा ठराव

मुंबईच्या कायदेमंडळांतील एका सभासदाचें काम खेड्यांतील विहिरीपर्यंत कसें पोहोंचलें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. खंडाळ्यापासून नायगांव दूर नाहीं. तेथें जन्मलेल्या सावित्रीबाई व त्यांचे पति जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या पुण्याच्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. परंतु तो त्यांच्या मालकीचा होता. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या पाणवठ्याचें काय?

याच सातारा जिल्ह्यांत १९०१ सालीं बाळ भीमराव आंबेडकर भावासह मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीनें गोरेगांवास वडिलांकडे निघाला. वाटेंत पाणी कोणी देईना. शिदोरी जवळ असून मुलांस टोलनाक्यापाशीं उपाशीं निजावें लागलें.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजांतील सुधारक. १९०९ सालीं निघालेल्या कामगार हितवर्धक सभेचेहि ते एक आधारस्तंभ होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं त्यांचा ठराव कायदेमंडळानें मान्य केला. सार्वजनिक खर्चानें चालणाऱ्या विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांस करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबरला सरकारनें आपल्या खात्यांस तशी आज्ञा दिली.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती शिफारस, मोडणारास दंड नाहीं. विहिरी स्थानिक संस्थांच्या हातीं, आणि बहुतेक संस्था स्वस्थ बसल्या. बोले मात्र स्वस्थ बसले नाहींत. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं त्यांनीं दुसरा ठराव आणला : जी संस्था ऐकणार नाहीं, तिची सरकारी मदत बंद करावी. आमच्या मतें हाच त्यांच्या व्यवहारज्ञानाचा खरा पुरावा होय. कारण उपदेशानें जें होत नाहीं, तें कधीं कधीं अनुदानाच्या चिंतेनें होतें!

महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला होता. पण तेथें पाणी प्यावयास कोणी धजला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तें पाणी प्याले, आणि त्यांजवर हल्ला झाला. मग ४ ऑगस्टलाच, म्हणजे बोले यांच्या पहिल्या ठरावाच्या चवथ्या वाढदिवशीं, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. पुढें तळ्याचा दावा लागला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें १९३७ सालीं लागला.

१९५० च्या राज्यघटनेनें सार्वजनिक विहिरी सर्वांस मोकळ्या केल्या. विहिरीवर अडविणारास शिक्षा देणारा अखिल भारतीय कायदा मात्र १९५५ सालीं झाला. बोले यांच्या पहिल्या ठरावास तेव्हां बत्तीस वर्षें होत आलीं होतीं.