नव्या वर्षाचा संकल्प आणि तेरा ओळींची वही



डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीं संकल्पांची वाण कोणत्याही घरीं नसते. तंबाखू सोडीन, सावकाराचें देणें फेडीन, पहांटे उठेन, मुलांवर ओरडणार नाहीं, अबोला धरलेल्या भावाशीं बोलेन, अशी लांबलचक माळ एका दमांत ओवून तयार होते. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोंच तिचे मणी ओघळूं लागतात, आणि शिमग्याच्या सुमारास नुसता दोरा हातीं राहतो. मग मनुष्य म्हणतो, "माझा स्वभावच असा, त्याला उपाय नाहीं." संकल्प मोडण्यापेक्षां हें म्हणणें अधिक वाईट. एक वर्ष फुकट गेलें तरी दुसरें येतें. पण आशाच सुटली तर पुढचीं वर्षें येऊनही न आल्यासारखींच होत.

आमचें म्हणणें असें कीं, दोष बहुधा इच्छेंत नसून रीतींत असतो. ही रीत शोधण्याची खटपट एका मनुष्यानें केली, आणि तिच्यांत आपणांस किती यश आलें व किती अपयश आलें तें स्वतःच लिहून ठेविलें. त्याच्या यशापासून जसें शिकण्यासारखें आहे, तसेंच त्याच्या एका मोठ्या चुकीपासूनही आहे. म्हणून या पाठांत त्याचीच गोष्ट घेऊं.

वहीची हकीकत

बेंजामिन फ्रँक्लिन याचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १७०६ सालीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करून पोट भरी. मुलाची शाळा सुमारें दोन वर्षांतच संपली व तो थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. पुढें तो फिलाडेल्फियांत नांवाजलेला मुद्रक झाला, विजेच्या शोधांनीं जगभर गाजला, आणि १७७६ सालच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारांपैकीं एक झाला.

तरुणपणीं त्यानें मनांत आणिलें कीं, आपण अगदीं निर्दोष जीवन जगावें. बरें काय व वाईट काय हें आपणांस ठाऊक आहे, तर एक करावें व दुसरें टाळावें, यांत कठीण तें काय? परंतु लवकरच त्याच्या ध्यानांत आलें कीं, एका दोषावर पहारा ठेवावा तों दुसरा मागील दारानें घरांत शिरतो. जुनी सवय मनुष्याच्या बेसावधपणाची वाटच पाहत असते.

तेव्हां त्यानें गुणांची एक यादी केली, आणि त्यांना क्रम लाविला. पहिला गुण खाण्यापिण्यांतला संयम. कारण डोकें ताळ्यावर असल्यावांचून बाकीच्यांची राखण कोण करणार? त्यामागून मितभाषण, व्यवस्थितपणा, दृढनिश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, सौम्यता, स्वच्छता, शांतचित्तता, शुद्धाचरण आणि शेवटीं नम्रता, असे तेरा गुण. मग एक लहानशी वही करून तिच्या प्रत्येक पानावर आठवड्याच्या वारांचे सात उभे रकाने व तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी त्यानें तांबड्या शाईनें आंखल्या. रोज संध्याकाळीं तो दिवस आठवून पाही, आणि ज्या गुणांत चूक झाली त्याच्या ओळींत एक काळा ठिपका देई.

मात्र तेराही गुणांशीं त्यानें एकदम झुंज घेतली नाहीं. एका आठवड्यांत एकच ओळ स्वच्छ ठेवण्याचा नेट करावयाचा, आणि बाकीच्या ओळींत चुका होतील तेवढ्या नुसत्या टिपावयाच्या. दुसऱ्या आठवड्यांत दुसरी ओळ. अशा रीतीनें तेरा आठवड्यांत एक फेरी, आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांत चार फेऱ्या. नव्या फेरीसाठीं जुने ठिपके खोडतां खोडतां कागदाला भोंकें पडलीं, तेव्हां त्यानें ओल्या स्पंजानें पुसतां येतील अशीं हस्तिदंती पानें केलीं. आपणांत इतके दोष असतील असें त्याला वाटलें नव्हतें. पण ते हळूहळू कमी होतांना पाहून त्याला समाधान वाटे.

त्यापासून घ्यावयाचे धडे

पहिला: एका वेळीं एकच वाफा. फ्रँक्लिनानें स्वतःच बागवानाचा दाखला दिला आहे. तो सगळ्या बागेंतलें तण एकाच दिवशीं काढूं पाहत नाहीं. एक वाफा खुरपून झाला म्हणजे दुसऱ्याकडे वळतो. हें शेतकऱ्याला कोणीं शिकवावयास नको. ज्वारी खुरपतांना एक पात धरून आपण शेवटपर्यंत जातों. चार पातींत चार ठिकाणीं खुरपें मारीत फिरणाऱ्याला मालक दुसऱ्या दिवशीं बोलावीत नाहीं. शेतांत जें शहाणपण आपण दाखवितों, तें संकल्पाच्या वेळीं मात्र बांधावरच ठेवून येतों.

दुसरा: ज्याची खूण करतां येते तोच संकल्प. "यंदा चांगला बाप होईन" या संकल्पाला संध्याकाळीं ठिपका द्यावा कीं न द्यावा? कोणास सांगतां येणार? पण "रात्रीं जेवतांना मुलगी शाळेंतलें कांहीं सांगूं लागली तर तें शेवटपर्यंत ऐकून घेईन" असा संकल्प असेल, तर झालें किंवा नाहीं झालें, हें घरांतलें लहान मूलही सांगेल. "देणें फेडीन" यापेक्षां "दर बाजारीं इतके रुपये बाजूला काढून मगच तेलमिठाला हात घालीन" हा संकल्प बरा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं भिंतीवर गेरूनें सात रेघा ओढाव्या, आणि चुकलेल्या दिवसाच्या रेघेवर कोळशाचा ठिपका द्यावा. हिशेब खरा असला म्हणजे पुरे. तो कागदावर असो कीं भिंतीवर.

तिसरा: ठिपके दिसले म्हणून चाक सोडूं नये. व्यवस्थितपणाच्या ओळीनें फ्रँक्लिनाला फार छळलें. कागद व वस्तु जागच्या जागीं ठेवणें त्याला कधींच साधलें नाहीं, आणि हा नाद सोडून द्यावा असें त्याच्या मनांत येऊं लागलें. यावर तो एक गोष्ट सांगतो. एका मनुष्यानें लोहाराकडून कुऱ्हाड घेतली, आणि धारेसारखेंच सगळें पातें लखलखीत करून मागितलें. लोहार म्हणाला, तूं सहाणेचें चाक फिरवीत असशील तर करून देतों. लोहारानें पातें दगडावर दाबून धरिलें, आणि चाक फिरवितां फिरवितां त्या मनुष्याचे खांदे भरून आले. तो पुनःपुन्हां येऊन पाही. शेवटीं म्हणाला, आहे तशीच द्या. लोहार म्हणाला, अजून ठिपके आहेत, चालूं दे, हळूहळू जातील. तेव्हां त्या मनुष्यानें सांगितलें कीं, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते!

आपलेंही असेंच होत नाहीं काय? जें साधत नाहीं तेंच आपणांस आवडतें असें आपण म्हणूं लागतों. १७८४ सालीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, फ्रान्समध्यें असतांना हा वृत्तान्त लिहितांना फ्रँक्लिनानें कबूल केलें आहे कीं, पूर्णतेपर्यंत आपण कधींच पोंचलों नाहीं. तरी प्रयत्न केला नसता तर जसे राहिलों असतों त्याहून बरे व सुखी झालों. कित्ता गिरविणाऱ्या मुलाचें अक्षर कित्त्यासारखें होत नाहीं, पण पूर्वीपेक्षां वळणदार खचित होतें.

चौथा: एक ओळ दुसऱ्यास लिहूं द्यावी. हा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. फ्रँक्लिनाच्या पहिल्या यादींत गुण बाराच होते. क्वेकर पंथाच्या एका मित्रानें त्याला प्रेमानें सांगितलें कीं, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादांत आपलें खरें करूनच तूं थांबत नाहींस, तर दुसऱ्यास खालीं पाहावयास लावतोस. मित्रानें उदाहरणेंही दिलीं. तेव्हां नम्रता ही तेरावी ओळ यादींत आली. पुढें त्यानें "निःसंशय", "खात्रीनें" असे शब्द बोलण्यांतून काढून टाकिले व "मला असें वाटतें" म्हणण्याची सवय लाविली. आपला अभिमान मेला असें तो कधींच म्हणाला नाहीं. पण लोक त्याचें ऐकूं लागले ते या सवयीमुळें, असें त्यानें लिहिलें आहे. मित्र बोलला नसता तर ही ओळ त्या वहींत कधींच आली नसती.

आतां त्याची मोठी चूक पाहा. आठव्या ओळींत न्याय हा गुण होता. कोणाचें नुकसान करूं नये असा त्याचा अर्थ त्यानेंच लावला होता. असें असून त्याच्या घरीं पुष्कळ वर्षें गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. न्यायाच्या ओळीवर पहारा असतांही हें नित्याचें वर्तन इतकीं वर्षें तसेंच चाललें. उतारवयांत त्याची दृष्टि पालटली. १७८७ सालीं तो पेनसिल्व्हेनियांतील गुलामगिरी नाहींशी करण्यासाठीं झटणाऱ्या मंडळीचा अध्यक्ष झाला, आणि १७९० सालीं, मरणापूर्वीं दोनच महिने, त्यानें अमेरिकेच्या काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठविला. पण मधलीं वर्षें गेलीं तीं गेलींच; आणि तीं त्याच्या एकट्याचीं नव्हतीं, त्या गुलामांचींही होतीं.

वाचकहो, वही स्वच्छ असून जीवन मलिन असूं शकतें तें असें. ज्याला आपल्यामुळें दुःख होतें त्याला आपण विचारीत नाहीं, म्हणून ती ओळ आंखलीच जात नाहीं. समजा, एक गृहस्थ नव्या वर्षीं कर्ज फेडण्याचा संकल्प करितो. तो बायकोला विचारील तर ती कदाचित् म्हणेल, "अहो, देणें फेडा हें खरेंच, पण बाजारीं धान्य विकून पैसे किती आले तें मला कधींच सांगत नाहीं. तेवढें सांगत जा." त्याच्या मनांतला संकल्प पैशाचा होता, घराला पाहिजे होता तो विश्वासाचा. यांत अर्थाचा संकल्प कोणता, तें निराळें सांगणें नलगे.

या आठवड्याचें काम

एक कागद घ्या व त्यावर सात रकाने आंखा. ओळी तेरा नकोत, चारच असूं द्या. तीन तुम्ही लिहा. चौथी जागा कोरी ठेवा. मग बायको, नवरा, आई, सून, मुलगा किंवा शेतावरचा गडी, ज्याला तुमच्यापुढें बोलावयास भीति वाटते अशा एकाला, "माझी कोणती संवय तुम्हांस जड जाते?" असें विचारा. उत्तर आल्यावर वाद करूं नका. तें चौथ्या ओळींत जसेंच्या तसें उतरून घ्या, आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा त्याच ओळीला द्या.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. फ्रँक्लिनानें एका आठवड्यांत एकच गुण कां घेतला?
२. गेल्या वर्षींचा तुमचा एक संकल्प सांगा. त्याची रोज खूण करतां आली असती काय? नसल्यास तो कसा बदलावा?
३. "मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते" असें आपण कोणत्या गोष्टीविषयीं म्हणतों?
४. न्यायाची ओळ वहींत असून गुलाम घरांत कसे राहिले? आपल्या घरांत, आपल्या गांवांत, अशी न आंखलेली ओळ कोणती आहे?