झाड उभं आहे तोवरच त्याची नोंद करून घ्या

भूसंपादनात जमिनीचा दर मागाहून वाढवून मिळू शकतो, कारण जमीन जागच्या जागी राहते. शेजारचं खरेदीखत, रेडी रेकनर, मोजणीचा नकाशा हे पुरावे दहा वर्षांनीही हाताशी येतात. झाडाचं तसं नाही. ताबा घेतला, करवत चालली, की हापूसचं जुनं कलम आणि बांधावरचा रायवळ यांतला फरक फक्त कागदावर उरतो, आणि कागदावर नसेल तर कुठेच उरत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की झाडांचा मोबदला ठरतो तो संयुक्त मोजणीच्या दिवशी. निवाडा, अर्ज, वकील हे सगळं त्या दिवशीच्या तक्त्यावर उभं राहतं. तरीही आपल्याकडे नेमक्या त्याच दिवशी घरातला जाणता माणूस कामाला गेलेला असतो, मुंबईकर हिस्सेदार मुंबईत असतात आणि तक्त्यावर सही करायला जो हजर असेल तो न वाचता सही करून मोकळा होतो.

कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 29 असं सांगतं की झाडांचं मूल्य काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी शेती, वनशास्त्र, फलोत्पादन अशा क्षेत्रांतल्या अनुभवी व्यक्तींची मदत घ्यावी. व्यवहारात फळझाडं कृषी खात्याकडे आणि इमारती लाकडाची झाडं वन खात्याकडे जातात. हे मूल्य जमिनीच्या किमतीत मिळवलं जातं आणि कलम 30 प्रमाणे त्या एकूण रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. अर्थ साधा आहे. तक्त्यात एका झाडाचं मूल्य 2,000 रुपयांनी कमी लागलं, तर हातात 4,000 रुपये कमी येतात. गावाकडच्या जमिनीला लागू होणारा गुणांक मात्र झाडांना लागत नाही, त्यामुळे ही तूट दुसरीकडून भरून निघत नाही.

तूट पडते कुठे, ते तक्ता जवळून पाहिला की कळतं. ‘आंबा – 12’ एवढीच ओळ असेल, तर त्यात कलम किती, रायवळ किती, फळावर आलेली किती आणि कालपरवा लावलेली किती, काहीच कळत नाही. मूल्यांकन करणाऱ्याने मग कमीत कमी धरलं, तर त्याला दोष देणं अवघड आहे. त्याऐवजी प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, अंदाजे वय, छातीच्या उंचीवरचा म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवरचा घेर आणि फळधारणा आहे की नाही, असे रकाने भरून घ्या. काजू, नारळ, फणस, सागवान सगळ्यांना हाच नियम लावा. क्रमांक रंगवलेल्या झाडाचा फोटो काढा. तक्त्याची प्रत मागा. काही सुटलं असेल, तर सही करतानाच सहीखाली हरकत लिहा आणि त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जमिनीचे पैसे दिले, तर झाडांचे वेगळे कशाला? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच अंब्या कल्या म्हात्रे प्रकरणात 2011 मध्ये दिलं आहे. मोकळ्या जमिनीच्या व्यवहारांवरून दर ठरवला असेल, तर झाडांचं मूल्य वेगळं काढावंच लागतं. मात्र बागेच्या विक्रीवरून किंवा बागेच्या उत्पन्नावरून दर काढला असेल, तर त्यात झाडं आलीच, ती पुन्हा मोजता येत नाहीत. हे दुसरं वाक्यही आपण मान्य केलं पाहिजे. बागायतीचा दर आणि वर झाडांचे पैसे, अशी दुहेरी मागणी केली की खरी मागणीही संशयात सापडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रस्ता येणार म्हटल्यावर रातोरात दाटीवाटीने रोपं रोवणारे असतात, मग अधिकाऱ्यांनी विश्वास कुणावर ठेवावा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जुने कागद महत्त्वाचे. आंब्याची नेहमीची लागवड 10 बाय 10 मीटरवर होते, म्हणजे हेक्टरी 100 झाडं. घन लागवड असेल तर तिचाही कागद हवा. सातबाऱ्यावरची पीकनोंद, ई-पीक पाहणी, फळबाग योजनेचं अनुदान, फळपीक विमा, कर्जाची कागदपत्रं, वाशीच्या बाजाराची पट्टी, कॅनिंगवाल्याची पावती हे सगळं झाडाचं वय आणि उत्पन्न सांगतं. अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधीचे हे कागद असले, तर खोटेपणाचा आरोप टिकत नाही. सामाईक सातबाऱ्यावर तर ते दुप्पट गरजेचे. झाडं एका भावाने लावली आणि नावं वीस जणांची असतील, तर आधी घरात बसून लेखी समजुतीचा कागद करा. नाहीतर वाटणीचा वाद भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जातो आणि पैसे अडकतात.

तिसरा आक्षेप थकलेल्या माणसाचा असतो: मिळेल ते घ्यावं, भांडत कोण बसणार? पैसे घ्यावेतच, पण ‘निषेधासह स्वीकारले’ असं लिहून. निषेध न नोंदवता रक्कम घेतली, तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत निवाड्यापासून 6 आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 च्या कायद्याने जमीन गेली असेल, तर दाद लवादाकडे मागायची असते. म्हणून नोटीस हातात पडताच ती कोणत्या कायद्याखाली आहे, हे आधी वाचा.

रस्त्याला, धरणाला विरोध करा असं मी म्हणत नाही. पण आजोबांनी लावलेलं कलम सार्वजनिक कामासाठी जात असेल, तर त्याची पूर्ण किंमत मिळणं हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. मोजणीची नोटीस आली की बाकीची कामं बाजूला ठेवा, कागदांची फाइल घेऊन बागेत हजर राहा आणि शेवटचं झाड नोंदवून होईपर्यंत तिथून हलू नका.